वच्छलाच्या पोटातला खेकडा

त्या सोमवारी बोडीच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोळा तोंडावर आला होता, बैलांच्या झुली शिवायच्या होत्या, शिंगं रंगवायची होती. पण नागभीडच्या आसपासच्या खेड्यांना त्या दिवशी बैलांची काही पडली नव्हती. बाया लेकरं काखेत मारून आल्या होत्या, म्हातारे काठ्या टेकत आले होते. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. बोडी म्हणजे धानाला पाणी पाजणारं लहानसं तळं; तिच्या काठावर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि मांडवात बोडीबाबा बसले होते.

बाबा कुठून आले, कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि जो कुठून आला ते ठाऊक नसतं तो हिमालयातूनच आलेला असतो, असा आपल्याकडे नियमच आहे. देशात पहिली निवडणूक होऊन दोन-तीन सालं झाली होती. तालुक्याला दवाखाना होता, शाळा होती. पण दवाखान्यात रांग लावावी लागते आणि शाळेत डोकं चालवावं लागतं. बाबांकडे दोन्हीची गरज नव्हती. त्यांनी एकाच्या पोटातून केसांचा गुंडा काढला होता, एकीच्या गुडघ्यातून गंजका खिळा काढला होता. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी जास्त सांगितलं.

"डाक्टर लोक सुई टोचते," बाबा सांगत होते. आवाज खणखणीत, भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी. "सुई अंदर जाते. पन बिमारी बाहेर येते का? नाई येत! काऊन नाई येत? डाक्टर तिले बोलावतच नाई! मी बोलावतो. मी हुकूम देतो: निकल!"

"निकल!" पाळीवरून लोक ओरडले.

मांडवाच्या मधोमध घोंगडीवर वच्छला निजली होती. पन्नाशीच्या आतलीच, पण अंगावरचं मांस उतरून गेलं होतं आणि तोंडावर हळदीसारखा पिवळा रंग आला होता. तिच्या उशाशी शेजारची रुखमाबाई पंखा हलवत बसली होती. आणि मांडवाच्या खांबाला पाठ लावून तिचा नवरा दादाजी उभा होता. एवढ्या गर्दीत त्याच्याएवढा एकटा माणूस दुसरा नव्हता.

त्याचं असं झालं होतं. वच्छलाच्या अंगावरून जाणं थांबेना, ओटीपोटात कळा येत, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी तो तिला छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागपूरला घेऊन गेला. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. तिला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि सांगितलं, गर्भाशयाचा कर्करोग आहे, पुढं गेलाय. रेडियमचा नंबर पोळ्यानंतरच लागेल, पोळा झाल्याबरोबर घेऊन या, शेक देऊन पाहू. उशीर केला तर आमच्या हाती काही राहणार नाही.

दादाजीला त्यातलं 'पुढं गेलाय' तेवढं समजलं. बाहेर आल्यावर वच्छलानं विचारलं, "काय म्हणे डाक्टर?"

"गर्मी आहे म्हणे पोटात," तो म्हणाला. "होईल कमी."

ते एक वाक्य बोलला आणि त्या दिवसापासून त्याचा तिच्याशी बोलायचा रस्ताच बंद झाला. लेक लग्न होऊन सिरोंचाकडे दूर गेलेली. भावकीत सांगावं तर गावभर होईल आणि तिच्या कानावर जाईल. मग तो धानाच्या बांधीत जाई, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसे, बैलांशी दोन शब्द बोले आणि अंधार पडायच्या आत घरी येऊन 'आज बरी दिसतेस' म्हणे. ती 'हाव' म्हणे. दोघंही आपापल्या भाकरीकडे बघत जेवत.

नागभीडच्या दवाखान्यात मन्सूर डॉक्टर होते. त्यांच्याकडून तो दुखणं मारायच्या गोळ्या आणी. एकदा त्यानं भीत भीत विचारलं, "डाक्टरसाहेब, ते कर्क म्हंजे का होय?"

डॉक्टर घाईत होते. "कर्क म्हणजे खेकडा, दादाजी," ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

झालं. दादाजीच्या डोक्यात खेकडा शिरला. वच्छला कळ आली की पोट धरून वाकायची, तेव्हा त्याला वाटायचं, आत तो चालला. धानाच्या बांधीत चिखलात भोक करून बसतो तसा आत बसला आहे आणि नांग्यांनी कुरतडतो आहे. हसू नका. ज्याला कोणी समजावून सांगत नाही तो माणूस स्वतःच समजूत घालून घेतो, आणि अशी समजूत नेहमी भीतीच्या मापाची असते.

दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस रोज बसलेला असे. बिरजू त्याचं नाव. मोठा मायाळू. कोणाच्या घरी काय दुखतंय हे तो इतक्या आपुलकीनं विचारी की माणूस पाघळलाच पाहिजे. एके दिवशी त्यानं दादाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं तोंड काऊन असं उतरलं?"

कित्येक दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. दादाजी तिथंच, परक्या माणसासमोर, ढसाढसा रडला. जे बायकोला सांगितलं नव्हतं, लेकीला कळवलं नव्हतं, ते सगळं त्यानं बिरजूला सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, नावाचा अर्थही सांगितला. बिरजूनं डोळे पुसले, स्वतःचे आणि त्याचेही, आणि म्हणाला, "आमचे बाबा आहेत ना. घेऊन या वहिनीले."

बुडत्याला काडीचा आधार. दादाजी तिला घेऊन गेला. बाबांनी डोळे मिटले, वच्छलाच्या कपाळाला हात लावला आणि दचकून मागे घेतला. "अंदर जिंदा चीज आहे," ते म्हणाले. "चालणारी." दादाजीनं तिथंच हात जोडले. त्याने बाबांना तर काहीच सांगितलं नव्हतं! बिरजू बाबांचा चेला आहे हे त्याला ठाऊक होतं, पण माणसाला जे जोडायचं नसतं ते तो जोडत नाही.

बाबांनी तीन सोमवार सांगितले. तोवर डॉक्टरची गोळी बंद. ती चीज गोळी पिऊन माजते. नागपूरही बंद, आगगाडीच्या लोखंडावरून नेलं तर ती आत चवताळेल. दादाजीनं गोळ्या शिंक्यावर ठेवून दिल्या. मग वच्छला कळा दाताखाली दाबून सोसू लागली. तिचं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून तो गोठ्यात जाऊन बसे. ती नवऱ्याला बरं वाटावं म्हणून बाबाकडे जात होती, आणि नवरा तिला बरं वाटावं म्हणून नेत होता. असा तिसरा सोमवार उजाडला.

बाबांनी पितळी तांब्या हातात घेतला. आत तेलात भिजवलेली चिंधी पेटवली आणि ज्योत भडकलेली असतानाच तांब्या वच्छलाच्या बेंबीवर उपडा घातला. लुगडं जरासं खाली सारलेलं होतं. बाबांनी हात सोडला. तांब्या हलेना. त्यांनी हळूच वर ओढला तर पोटाची कातडी तांब्यासोबत वर आली.

"पाहा!" बाबा ओरडले. "अंदरवाला पकडून बसला आहे! सोडत नाई!"

पाळीवरच्या बाया हात जोडू लागल्या. बिरजूनं बोडीतून भरून आणलेली घागर पुढं केली. तोंडावर पळसाची पानं झाकलेली होती. बाबांनी घागरीत हात घालून लाल फडकं भिजवलं, पाणी निथळतं तसंच तांब्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"निकल!"

"निकल!"

"निकल, पापी!"

फट्‌ असा आवाज झाला, तांब्या सुटला आणि फडकं आपोआप हलू लागलं. बाबांनी एक टोक झटकलं. वच्छलाच्या पोटावर, भर उजेडात, तळहाताएवढा काळपट खेकडा चालत होता.

"माय व!" रुखमाबाई किंचाळली. "निंगाला व, निंगाला!"

गर्दीत एकच कल्लोळ झाला. कोणी नारळ फोडले, कोणी जमिनीवर डोकं टेकलं. दादाजी खांबाला धरून खालीच बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. बाहेर आला! इतके दिवस जो त्याच्या छातीवर बसला होता तो बाहेर आला होता.

वच्छला मात्र हातांवर जोर देऊन उठून बसली. तिनं खेकडा पाठीकडून चिमटीत धरला, अगदी सहज, आणि उलटा करून पाहिला. झाडीपट्टीतल्या बाईला खेकड्याचं भय नसतं. लहानपणापासून तिनं पावसाळ्यात बांधीतून ते धरले होते.

"याच्या नांग्या कोनं मोडल्या?" तिनं विचारलं.

आवाज बारीक होता, पण पुढच्या रांगेनं ऐकला.

"माते, मंत्राच्या मारानं मोडल्या," बाबा हसून म्हणाले.

"दोनी बुडातून? अंगठ्यानं पिळून?" वच्छला म्हणाली. "खेकडा धरला का आपन पहिले नांग्या पिळून काढतो, तवा मडक्यात टाकतो. नाई त बोट तोडते. काऊन व रुखमाबाई, खरं का नाई?"

"खरं आहे," रुखमाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मंग माह्या पोटात कोन बसलं होतं नांग्या पिळाले? आनी हा चिखल पाहा याच्या पायाले, ओलाच आहे. माह्या पोटात का बांध्या आहेत? धानाचा रोवना झाला का तिथी?"

मागं कोणीतरी खुदकन हसलं. भक्तीला हसू फार वाईट. बाबांनी डोळे वटारले. "बाईच्या अंगात अजून त्याचं पिल्लू आहे! तेच बोलून राह्यलं!"

पण रुखमाबाईचं लक्ष आता घागरीवर गेलं होतं. ती बाबांची पहिल्या दिवसापासूनची भक्त, आणि फसलेल्या भक्ताइतकं रागीट माणूस जगात नाही. तिनं उठून घागर दोन्ही हातांनी उपडी केली. पाण्यासोबत पळसाची पानं बाहेर आली आणि पानांसोबत आणखी दोन खेकडे. नांग्या मोडलेले. एखादा मेलाच तर अडचण नको म्हणून बाबांनी राखीव ठेवले होते.

"हे कोनाच्या पोटातले, बाबा?" रुखमाबाईनं विचारलं. "तुमच्या?"

खरं म्हणजे इथं संपायला हवं होतं. पण एकदा जोडलेले हात असे पटकन सुटत नाहीत. बाबांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तांब्या उंच धरला. "खेकडा राहू द्या! पन हा तांब्या कोनी धरला होता? सांगा! माझे हात वर होते का नव्हते? आतून पकडला कोनी?"

लोक पुन्हा कुजबुजू लागले. हो, तांब्या तर चिकटला होता. आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

"तुंबडी होय ते," वच्छला म्हणाली. ती दमली होती, तिला धाप लागली होती. "वैदीन शिंगानं लावते, यानं तांब्यानं लावली." एवढं म्हणून ती आडवी झाली. आणि पडल्या पडल्या तिनं दादाजीकडे पाहिलं.

दादाजी उठला. तो सभेत बोलणारा माणूस नव्हता. त्यानं बाबांच्या हातातून तांब्या घेतला, चिंधी आत टाकून पेटवली, सदरा वर केला आणि चारचौघांत स्वतःच्या पोटावर तांब्या उपडा मारला. चटका बसला तसा तो कळवळला, पण हात सोडून दिले. तांब्या तसाच लटकून राहिला. तो पाळीवरच्या लोकांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"पाहून घ्या," तो म्हणत होता. "मले का झालं आहे? मले त काहीच नाई ना झालं! मंग हा काऊन चिकटला?" "मले काहीच नाई ना झालं..."

आता कोणी हसलं नाही. एकेक जण आपापले नारळ उचलून घरी चालता झाला. बाबा आणि बिरजू गर्दीत कधी मिसळले ते कळलं नाही. ते नक्कीच हिमालयात परत गेले नाहीत. दुसऱ्या एखाद्या बोडीच्या काठी गेले असतील.

दोघं बैलबंडीतून घरी निघाली. गाव दिसू लागलं तेव्हा वच्छला म्हणाली, "एक पुसू का तुमाले?"

"पूस."

"खेकडाच काऊन? त्याले साप नाई सुचला, इंचू नाई सुचला. खेकडाच काऊन सुचला?"

दादाजीनं कासरा ओढला. बैल उभे राहिले.

"त्याले कोनंतरी सांगतलं," ती म्हणाली. "मले नाई सांगतलं."

मग त्यानं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, टपरीवर कोणापुढं रडलो ते सांगितलं. तिच्याकडे तोंड करायची हिंमत होईना म्हणून बैलांच्या पाठीकडे पाहत सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला नवल वाटलं नाही.

"नाव ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "बाकी मले ठाऊक होतं. ज्याचं पोट दुखते त्याले नाई कळणार का? तुमी गोठ्यात जाऊन बसत होते, मी आत पडून राहो. मले वाटे, माह्या दुखन्याचा कंटाळा आला यायले."

"कंटाळा नाई, वच्छला."

"मंग त्या टपरीवरल्यापाशी काऊन रडले? मी का मेली होती?"

तो वळला आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर रडला. तीही रडली. रस्त्यानं जाणारे लोक पाहत होते, तरी दोघांनी पर्वा केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोघं मन्सूर डॉक्टरांकडे गेली. सगळं ऐकून डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं भोंदू पुरं करतो." मग त्यांनी बसवून समजावलं. गाठीच्या शिरा चहूकडे पसरतात, त्या कोणा जुन्या वैद्याला खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं. आत किडा नाही, खेकडा नाही. आपल्याच अंगाचं मांस आहे, बेताल वाढत सुटलेलं. आणि तांब्याचं म्हणाल तर जाळानं आतली हवा तापते, पसरते, थोडी बाहेर जाते. उपडा घातला की ज्योत विझते, उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि बाहेरची हवा तांब्याला दाबून धरते. कड जरा उचलून हवा आत सोडली की फट्‌ करून सुटतो. बाबांनी फडक्याखाली तेच केलं.

"मी बरी होईन का?" वच्छलानं सरळ विचारलं.

डॉक्टरांनी क्षणभर दादाजीकडे पाहिलं. त्यानं मान हलवली: सांगा.

"पूर्ण बरी होशील असं मी म्हणणार नाही, बाई. रोग पुढं गेलाय. पण रेडियमनं रक्त जाणं थांबू शकतं, दुखणं कमी होऊ शकतं, आणखी दिवस मिळू शकतात. किती, ते मी सांगू शकत नाही. जो सांगेल तो खोटं बोलेल."

"चालते," वच्छला म्हणाली. "एवढं असलं तरी पुरे आहे. आधी गोळी द्या."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं छोट्या गाडीत बसली. लोखंडावरून गेली, आणि आत कोणी चवताळलं नाही. नागपूरला शेक घेताना तिचे हाल झाले, उलट्या झाल्या, केविलवाणी झाली. पण रक्त थांबलं. दिवाळीनंतर ती घरी आली आणि लुचई धान कापायला आलं तेव्हा बांधीच्या धुऱ्यावर बसून बायांना कामं सांगू लागली. लेकीला बोलावून घेतलं, तिच्याशी पोटभर भांडली. दागिना कोणाला द्यायचा, मागं दादाजीला कोण जेवू घालील, सगळं तिनं स्वतः ठरवलं. रात्री दोघं ओसरीवर बोलत बसत. लग्नाला इतकी सालं झाली होती, पण एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

असं आणखी एक पीक तिनं पाहिलं. तिसरं पाहिलं नाही.

मग लोक आले. आपले लोक मोठे शहाणे. बाबाच्या मांडवात नारळ फोडणारेच दादाजीच्या ओसरीवर येऊन बसले. त्यातला एक म्हणाला, "डाक्टर झाला, नागपूर झालं, पन शेवटी गेलीच ना गा?"

हा प्रश्न खेडोपाडी आजही विचारला जातो, म्हणून सांगून टाकतो. डॉक्टर हरतात. औषध थकतं. विज्ञान 'मला ठाऊक नाही' असंही म्हणतं, आणि ते ऐकायला फार कठीण असतं. कारण समोरच कोणीतरी 'मला सगळं ठाऊक आहे' म्हणत तांब्या घेऊन उभा असतो. तरीही डॉक्टरला विचारा, पुन्हा विचारा, समजेपर्यंत विचारा. दुखणं मारायची गोळी कोणाच्या शब्दावर बंद करू नका. आणि घरातल्या दुखण्याची गोष्ट घरातल्या माणसापाशी बोला. भोंदूला तुमच्या रोगाची गरज नसते, तुमच्या एकटेपणाची असते. तो त्याच दारानं आत येतो.

दादाजीला एवढं काही बोलता येत नव्हतं.

"गेली," तो म्हणाला. "पन माह्याशी सारं बोलून गेली. आता एकटा मी आहो, भाऊ. ती एकटी नाई गेली."